जुन्या गाडीच्या वायरिंगमधले सांधे: क्रिम्पिंग कुठे करावे आणि सोल्डरिंग कुठे

प्रीमियर पद्मिनी, मारुती ८०० किंवा जुनी महिंद्रा जीप पुन्हा उभी करायला घेतली, की बहुतेकांचा पैसा आणि वेळ आधी पत्र्याच्या कामात, मग इंजिनात आणि शेवटी रंगात जातो. वायरिंगची पाळी येईपर्यंत हात आखडता झालेला असतो. मग गाडी दिसायला चकचकीत होते, पण सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि हेडलाइट पिवळट पेटतात. अशा वेळी आधी बॅटरी बदलली जाते, नंतर सेल्फ मोटर उघडली जाते आणि दोष मात्र बहुधा केबलच्या टोकाशी, थिंबल (टोकावर बसणारी, बोल्टसाठी भोक असलेली धातूची नळी) आणि तांबे जिथे एकत्र येतात त्या दोन-अडीच सेंटिमीटरच्या जागेत दडलेला असतो. गाडीतल्या सांध्याचे बळ क्रिम्पमध्येच, म्हणजे टूलने दाबून थिंबल तारांवर घट्ट बसवण्यातच, असले पाहिजे असे माझे ठाम मत आहे. सोल्डरिंगलाही, म्हणजे वितळलेला मऊ धातू ओतून सांधा जोडण्यालाही, त्याची स्वतःची जागा आहे, परंतु ढिल्या क्रिम्पला सावरून धरणे हे त्याचे काम नव्हे.

या दोन सेंटिमीटरांना इतके महत्त्व का, हे साध्या हिशेबाने कळते. सेल्फ मोटर फिरवताना लहान पेट्रोल इंजिनलाही दीडशे-दोनशे अँपिअर करंट सहज लागतो आणि महिंद्राच्या एमएम ५४० जीपमधल्या २११२ सीसीच्या डिझेल इंजिनाला त्याहून बराच अधिक लागतो. सांध्यात केवळ ५ मिलिओहम रोध असला, तरी २०० अँपिअरला तिथे १ व्होल्ट खर्च होतो आणि सेल्फ फिरत असेपर्यंत त्या एका सांध्यात २०० वॅटची उष्णता तयार होते. साध्या मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर ५ मिलिओहम विश्वासाने मोजता येत नाहीत. कंटिन्युइटीचा (वायर अखंड आहे का हे सांगणारा) बीप तर शंभर तारांपैकी एकच तार शाबूत असली तरीही वाजतो, कारण मीटर त्या वायरमधून अगदी नाममात्र करंट पाठवत असतो. म्हणून ‘बीप वाजला, म्हणजे वायर चांगली’ हा निष्कर्ष बॅटरी केबलच्या बाबतीत कधीही काढू नये.

क्रिम्पमध्ये नेमके काय घडते

योग्य मापाच्या डायमध्ये (क्रिम्पिंग टूलच्या साच्यात) पुरेसा दाब दिला की थिंबलची नळी आणि आतल्या तारा दोन्ही आपला आकार सोडतात. तारांवरचा ऑक्साइडचा थर घासला जाऊन मोडतो, उघडे तांबे तांब्याला भिडते आणि मधल्या फटी इतक्या बंद होतात की आत हवा किंवा ओलावा शिरायला वाव राहत नाही. सांधा वर्षानुवर्षे टिकतो तो यामुळेच.

हे डोळ्यांनी पाहता येते आणि नवे टूल घेतलेल्या प्रत्येकाने ते एकदा तरी पाहावे. केबलच्या उरलेल्या तुकड्यावर एक थिंबल क्रिम्प करावी, ती नळीच्या मधोमध आडवी कापावी, कापलेले तोंड आधी बारीक कानशीने आणि मग पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत करावे आणि उजेडात भिंगाखाली धरावे. क्रिम्प चांगला असेल, तर गोल तारा एकमेकींवर दाबल्या जाऊन मधाच्या पोळ्यासारख्या बहुकोनी झालेल्या दिसतात आणि त्यांच्यामध्ये काळा ठिपका जवळजवळ सापडत नाही. तारा अजून गोलच असतील आणि त्यांच्यामध्ये काळ्या फटी दिसत असतील, तर डाय मोठा आहे किंवा दाब कमी पडला आहे. नळीच्या दोन्ही बाजूंना धातूचे पातळ कान बाहेर आले असतील, तर डाय लहान पडला आहे. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त हायड्रॉलिक टूलच्या डायवर कोरलेला आकडा आणि त्याचे खरे माप यांत पुष्कळदा फरक असतो, म्हणून आकड्यावर विसंबण्यापेक्षा कापलेल्या तुकड्यावर विसंबावे.

सोल्डरची अडचण वेगळी आहे. वितळलेले सोल्डर तारांमधल्या फटींतून आत ओढले जाते आणि थिंबलच्या पुढे, इन्सुलेशनच्या खालीही काही मिलिमीटर सरकते. तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो आणि जिथे ताठ भाग संपून लवचीक वायर सुरू होते, नेमक्या त्या रेषेवर इंजिनाची सगळी थरथर एकवटते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तारा तिथेच एकेक करून तुटतात आणि इन्सुलेशन शाबूत असल्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. दुसरी गोष्ट उष्णतेची आहे. ६०/४० (६० टक्के कथिल, ४० टक्के शिसे) सोल्डर साधारण १८३ अंश सेल्सिअसला मऊ व्हायला लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळते. ज्या सांध्याचे सगळे बळ सोल्डरवरच आहे, तो खराब होऊन तापू लागला, तर तोच ताप त्याला सोडवतो.

तारांना आधी सोल्डर पाजून मग त्यावर थिंबल क्रिम्प करणे किंवा त्या स्क्रूखाली आवळणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे आणि तो मनापासून टाळावा. सोल्डर मऊ असते, सततच्या दाबाखाली हळूहळू पसरत जाते आणि आज घट्ट वाटणारा सांधा काही दिवसांनी सैल होतो. सोल्डर पाजलेल्या तारांवर क्रिम्प करायला नासाच्या वायरिंगच्या मानकातही मनाई आहे. बोटींच्या विजेच्या कामासाठी असलेल्या अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात सोल्डर हा सांध्याचा एकमेव यांत्रिक आधार असू नये असे सांगितले आहे. बॅटरीच्या लगमध्ये (जाड केबलच्या थिंबलमध्ये) पुरेशा लांबीपर्यंत सोल्डर भरलेले असेल तर तिथे सवलत आहे, म्हणजे सोल्डर केलेली जाड बॅटरी केबल सरसकट चुकीची ठरत नाही. तरीही घरच्या गॅरेजमध्ये गॅस टॉर्चने इन्सुलेशन न जाळता जाड केबलची लग पूर्ण भरणे अवघड असते, त्यामुळे मी तो मार्ग सुचवणार नाही.

केबल आणि थिंबल निवडताना

१ मीटर लांबीच्या २५ स्क्वेअर एमएम तांब्याच्या केबलचा रोध साधारण ०.७ मिलिओहम असतो, म्हणजे २०० अँपिअरला मीटरमागे ०.१४ व्होल्ट जातो. १६ स्क्वेअर एमएमला तोच तोटा ०.२ व्होल्टच्या थोडा वर जातो. बॅटरी बॉनेटखालीच असेल आणि इंजिन पद्मिनीसारखे १०८९ सीसीचे पेट्रोल असेल, तर २५ स्क्वेअर एमएम पुरेशी आहे. डिझेल जीपला ३५ किंवा ५० घ्यावी. काही जण बॅटरी डिकीत हलवतात. तिथून सेल्फपर्यंत चार मीटर केबल गेली, तर २५ स्क्वेअर एमएममध्ये फक्त जाण्याच्या वाटेवर अर्ध्या व्होल्टहून जास्त खर्च होतो, म्हणून अशा वेळी ५० च्या खाली उतरू नये आणि बॅटरीजवळ मेन फ्यूज घातल्याशिवाय ती केबल गाडीच्या आतून नेऊ नये.

बारीक तारांची लवचीक केबल हवी, म्हणून अनेक जण वेल्डिंग केबल वापरतात आणि ती कल्पना चांगली आहे. मात्र बाजारात वेल्डिंग केबल म्हणून अ‍ॅल्युमिनियमची, तसेच वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची केबलही विकली जाते. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली, तर ती केबल घेऊ नये. कथिलाचा मुलामा दिलेले तांबे वरून पांढरे दिसते, पण खरवडल्यावर आत लालसर निघते आणि दमट हवेत तेच सर्वांत टिकाऊ असते. कोकणात किंवा गोव्यात गाडी राहणार असेल, तर दोन पैसे जास्त देऊन अशी केबल जरूर घ्यावी.

थिंबलवर ‘२५-८’ असे छापलेले असते. त्यातला पहिला आकडा केबलचा स्क्वेअर एमएम आणि दुसरा बोल्टच्या भोकाचा मिलिमीटर असतो. तांब्याच्या केबलला कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची थिंबलच लावावी. घरगुती मीटरच्या कामासाठी येणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या थिंबल त्याच खोक्यांत शेजारी असतात, त्या हातात घेतल्यावर हलक्या लागतात. मुंबईत लोहार चाळीत आणि पुण्यात विजेच्या सामानाच्या कोणत्याही मोठ्या दुकानात या मालाची सगळी मापे मिळतात. थिंबलची नळी केबलला मोठी होते म्हणून तारा दुमडून जाड करणे किंवा केबल मोठी पडते म्हणून बाहेरच्या तारा कापून टाकणे, हे दोन्ही प्रकार करू नयेत.

बॅटरी केबल तयार करणे

सर्वांत आधी बॅटरीची अर्थची (गाडीच्या बॉडीला जोडलेली) केबल काढावी आणि काम संपल्यावर तीच सर्वांत शेवटी जोडावी. अर्थ आधी काढली, की नंतर पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही. पद्मिनीत निगेटिव्ह बॉडीला जोडलेला असतो, परंतु मॉरिस आणि ऑस्टिनसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत बरेचदा पॉझिटिव्ह बॉडीला असतो, तेव्हा आधी पाहावे आणि मगच पाना लावावा. हातातले कडे, अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून सोल्डरिंग आयर्न, हीट गन किंवा टॉर्चचे काम बॅटरीशेजारी मुळीच करू नये; बॅटरी उचलून बाहेर ठेवावी.

लांबी सुतळीने मोजावी. इंजिन रबरी माउंटवर हलत असते, त्यामुळे बॉडीवरून इंजिनावर जाणाऱ्या प्रत्येक केबलला थोडी ढील हवी. केबल सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब न्यावी आणि पत्र्यातून जिथे जाते तिथे रबरी ग्रोमेट घालावे, कारण सेल्फच्या मुख्य केबलला सहसा फ्यूज नसतो आणि पत्र्याच्या धारेने इन्सुलेशन कापले गेले तर बॅटरीचा सगळा जोर त्या एका ठिकाणी बाहेर पडतो.

केबल कटरने कापावी. हॅकसॉने कापल्यास तारा विस्कटतात. थिंबलची नळी आतून जेवढी खोल आहे, त्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर जास्त इन्सुलेशन काढावे. ब्लेड केबलभोवती हलक्या हाताने फिरवावे आणि तांब्यापर्यंत पोहोचण्याआधीच थांबवावे. शेवटचा पातळ पापुद्रा केबल वाकवली की आपोआप फाटतो. तांबे काळे पडलेले दिसले, तर ते घासून साफ करण्याच्या फंदात न पडता लाल, चमकदार तांबे लागेपर्यंत केबल मागे कापत जावी.

तारा न विस्कटता थिंबलमध्ये शेवटपर्यंत सरकवाव्यात. दोन्ही टोकांच्या थिंबल एकमेकींच्या संदर्भात कोणत्या कोनात बसणार आहेत, हे गाडीवर धरून पाहून मार्करने केबलवर खूण करावी, कारण जाड केबल नंतर पिळता येत नाही. श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसणारी नळी) केबलवर आधीच ओवून ठेवावी. नळी लांब असेल, तर दोन क्रिम्प द्यावेत: पहिला बोल्टच्या भोकाकडच्या बाजूला आणि दुसरा केबलच्या बाजूला, म्हणजे दाबाने लांब होणाऱ्या धातूला उघड्या तोंडाकडे सरकायला जागा मिळते. डाय पूर्ण मिटेपर्यंत दाबावे. मध्येच सोडलेला क्रिम्प हा क्रिम्प नव्हे. हायड्रॉलिक टूल परवडत नसेल, तर व्हाइसमध्ये धरून हातोडीने ठोकायचा क्रिम्पर एखाद्या गाडीच्या कामापुरता चालतो, पण छिन्नीने मारलेली खाच किंवा पकडीने चपटी केलेली नळी चालत नाही.

नंतर केबल एका हाताने आणि थिंबल व्हाइसमध्ये धरून पूर्ण जोराने ओढावी. काहीही सरकले नाही, तरच आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह नळीच्या अर्ध्यावर आणि इन्सुलेशनवर येईल अशी बसवून हीट गनने आकसवावी. कडेने गोंदाचा बारीक ओघळ चहूबाजूंनी बाहेर आला, म्हणजे पावसाळ्यातले पाणी आत शिरण्याची वाट बंद झाली. साधी इन्सुलेशन टेप इंजिनाच्या उष्णतेत चिकट होऊन सुटते.

बारीक वायर

बारीक वायरचे तत्त्व तेच आहे, फक्त टूल वेगळे लागते. लूममधल्या (गाडीतल्या वायरींच्या जुडग्यातल्या) ६.३ मिलिमीटरच्या उघड्या पितळी फिमेल थिंबलला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या तारांवर आणि मागची इन्सुलेशनवर बसते. पुढचे पंख आत वळून तारांमध्ये शिरतात आणि त्यांचा आकार इंग्रजी ‘बी’ अक्षरासारखा होतो, तर मागच्या जोडीने इन्सुलेशन फक्त मिठीत घ्यायचे असते, चिरायचे नसते, कारण थरथर झेलण्याचे काम तिचे आहे. दोन्ही जोड्यांमधल्या मोकळ्या जागेत तारा आणि इन्सुलेशनची कड दोन्ही दिसली पाहिजेत, आणि पुढच्या पंखांपुढे तारांची टोके मिलिमीटरभर डोकावली पाहिजेत.

प्लॅस्टिकच्या बाहीच्या थिंबलमध्ये लाल रंग साधारण ०.५ ते १.५, निळा १.५ ते २.५ आणि पिवळा ४ ते ६ स्क्वेअर एमएमसाठी असतो. त्यांना रॅचेटचे क्रिम्पिंग प्लायर घ्यावे, जे दाब पूर्ण झाल्याशिवाय उघडतच नाही. पत्र्याचे पातळ प्लायर दर वेळी वेगळा दाब देते आणि दर वेळी वेगळा सांधा बनवते.

सोल्डरिंग जिथे योग्य आहे तिथे

मीटर कन्सोलमधली जोडणी, स्विचचे तुटलेले पाय, जुन्या हॉर्न रिंगचा संपर्क आणि लूमच्या मधोमध वायरला वायर जोडायची वेळ, ही सोल्डरची खरी ठिकाणे आहेत. सांधा हलत नसेल आणि दोन्ही बाजूंनी बांधलेला असेल, तर सोल्डर उत्तम काम देते. दोन वायरींची टोके एकमेकांना ओलांडून प्रत्येक टोक दुसऱ्या वायरभोवती घट्ट गुंडाळावे, म्हणजे सोल्डर नसतानाही सांधा ओढ सोसतो. मग आयर्नचे टोक खालून लावावे आणि सोल्डरची तार वरून सांध्याला टेकवावी. तांबे पुरेसे तापले, की सोल्डर आपोआप आत ओढले जाते. आयर्नच्या टोकावर वितळवून वरून मारलेला डाग थंड सांधा बनवतो. तो गोळ्यासारखा वर बसतो आणि नखाने उखडतो. चांगल्या सांध्यात सोल्डरच्या थराखाली तारांचे वळण स्पष्ट दिसते.

या कामाला २५ वॅटचे आयर्न कमी पडते. ते हळूहळू तापवत बसल्याने उष्णता मागे पसरते आणि इन्सुलेशन वितळते. ६० वॅटचे आयर्न दोन-तीन सेकंदांत काम उरकते. राळ भरलेली सोल्डरची तारच वापरावी. पत्र्याच्या कामाचे अ‍ॅसिड किंवा नवसागर वायरिंगला लावू नये, कारण त्याचा अंश तारांमध्ये राहून तांबे पोखरत जातो. खोलीत हवा खेळती ठेवावी आणि शिशाचे सोल्डर हाताळल्यावर जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

अर्थ आणि तपासणी

नव्याने रंगवलेल्या गाडीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते अर्थकडे. जिथे अर्थची थिंबल बसते, तिथेच पेंटरने प्रायमर आणि रंगाचे थर चढवलेले असतात आणि करंट केवळ बोल्टच्या आट्यांतून वाट काढत असतो. थिंबलच्या आकाराएवढा रंग खरवडून उघडा पत्रा करावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि मग वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावावी. इंजिन आणि चासी यांच्यातला अर्थचा पट्टा नवा घालावा. तो तुटका असेल, तर सेल्फचा करंट अ‍ॅक्सिलरेटर किंवा क्लच केबलमधून वाट शोधतो आणि ती केबल तापते.

सगळे जोडल्यावर इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवावी, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. डिझेल गाडीत इंधन बंद ठेवावे. गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह शिशाच्या खुंटीवर टेकवावे, खुंटीवर आवळलेल्या क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरे टोक सेल्फच्या जाड बोल्टवर टेकवावे. दुसऱ्याला काही सेकंद सेल्फ मारायला सांगून आकडा पाहावा. तो ०.५ व्होल्टच्या आत हवा. मग निगेटिव्ह खुंटी आणि सेल्फचे धातूचे अंग यांच्यात तेच करावे, इथे ०.२ च्या आसपास किंवा कमी हवा. आकडा जास्त आला, तर टोक एकेक सांधा पुढे सरकवत जावे: खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते थिंबल, थिंबल ते सेल्फचा बोल्ट. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारतो, तो सांधा सदोष आहे. मीटरच्या ओहम रेंजला न दिसणारे मिलिओहम या पद्धतीत व्होल्टच्या रूपाने समोर येतात.

क्लॅम्प खुंटीवर हातोडीने ठोकून बसवू नये, त्याने बॅटरीच्या आतल्या प्लेटचा जोड सुटतो. पॉझिटिव्ह खुंटी निगेटिव्हपेक्षा थोडी जाड असते, त्यामुळे क्लॅम्प बसत नसेल तर तो दुसऱ्या बाजूचा आहे का हे पाहावे. खुंटीवर पांढरी-निळसर भुकटी जमली असेल, तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुवावी आणि कोरडे करून मगच आवळावे. शिसे मऊ असल्यामुळे आवळल्यानंतर थोडे बसते, म्हणून गाडी शंभर-दीडशे किलोमीटर चालल्यावर क्लॅम्पचे नट आणि अर्थचे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत.